कुलूपबंद खोलीतला संगणक

रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला शेतात कुणी जायचं, हा वाद आपल्या परभणी जिल्ह्यात घरोघरी झालेला आहे. अंधार, चिखल, वर विंचूकाट्याची भीती. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी त्यावर ‘नॅनो गणेश’ काढलं. स्टार्टरला मोबाईलचं यंत्र जोडायचं, घरून फोन लावायचा, मोटार सुरू. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. आता अशी यंत्रं बऱ्याच शिवारांत दिसतात.

आमच्या कार्यालयातल्या संगणकाची अडचण याच जातीची. गटांचे सगळे हिशेब त्याच्यावर. गावोगावच्या ताई इंटरनेटवरून तो उघडतात आणि बचत, कर्जफेड भरतात. पण तो अडकला की बाहेरून कुणाचंच ऐकत नाही, आणि खोलीला तर कुलूप. मग बटन दाबायला एकीला एसटी धरून जावं लागायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत म्हणजे अख्खा रोज बुडाला, दोन मिनिटांच्या कामासाठी! तिकडे कर्जाची वाट बघणाऱ्या बाईचा कागद अडकायचा तो वेगळाच.

मोटार फोनवर चालते, तर संगणक का नाही? आम्ही चौकशी केली. सिम कार्डावरचा छोटा स्विच मिळतो. मोटारीचा स्टार्टर इथे लावू नका बरं, तो थ्री फेजचा. वायफायवरचा स्विच असतो, पण राउटरच अडकला तर तोही मुका.

स्विच यूपीएस आणि संगणक यांच्या मध्ये बसवायचा, तोही वायरमनकडूनच. यूपीएसच्या अलीकडे बसवला तर संगणक बॅटरीवर चालूच राहतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, म्हणून त्याला हा उपाय नाही. वीज तोडली की अर्धा मिनिट थांबून पुन्हा द्यायची. मात्र ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ हे संगणकाच्या आतल्या सेटिंगमध्ये आधी करून घ्या. नाहीतर वीज येते आणि संगणक झोपलेलाच.

वीज तोडणं हा शेवटचा उपाय. संगणक काही लिहीत असताना ती गेली तर फाईल बिघडू शकते. म्हणून आधी गटावर विचारायचं, कुणी नोंद भरतंय का? आणि हिशेबाची दुसरी प्रत पेनड्राईव्हवर, दर आठवड्याला.

स्विच ठरलेल्याच नंबरांचं ऐकतो. आमच्याकडे दोघींचे नंबर आहेत, आणि दोघी वेगवेगळ्या गावच्या.