ब्रास, टन आणि आपला घामाचा पैसा
(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पगार, भत्ते, बदल्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज वाळूवर बोलायचे आहे. हसू नका. आपल्यातले कितीतरी जण निवृत्तीच्या आधी फंडातून रक्कम काढून गावाकडे दोन खोल्या बांधतात. तीस वर्षांची ती कमाई ट्रकच्या फाळक्यातून कशी गळते, हे आम्ही स्वतः भोगले आहे.

आमच्या घराला वाळूचा पहिला ट्रक आला. पावती दोन ब्रासची. आम्ही मुकाट्याने पैसे मोजले. दुसऱ्या ट्रकच्या वेळी गँगमधले एक जुने मुकादम हजर होते. त्यांनी टेप मागवली. हौदा लांब १० फूट, रुंद ७ फूट, वाळूची उंची सरासरी अडीच फूट. गुणाकार १७५ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. पावती दोनची, माल पावणेदोन!

आम्ही भांडायला निघालो, तर मुकादम म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, थांबा. वाळू ओली आहे. खरी तूट अजून कळायचीय."

त्यांनी सरळ बाजूंच्या डब्यात ती वाळू सैल भरली. उंची २० सेंटिमीटर. वाळू काढून डबा निम्मा पाण्याने भरला, तीच वाळू परत टाकून ढवळली आणि बसू दिली. उंची १६ सेंटिमीटर! दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण दूर राहतात, ढीग फुगतो. पुरती भिजली की फुगवटा मोडतो आणि कोरड्या वाळूइतकीच जागा व्यापते. म्हणजे आमच्या १७५ घनफुटांत खरी वाळू १४० घनफूट. दोन ब्रासच्या पैशांत १.४ ब्रास.

आता वजनाचे पाहू. कोरडी सैल वाळू घनमीटरला साधारण १.६ टन भरते, म्हणजे ब्रासला सुमारे साडेचार टन. दमट वाळूत शंभर किलोमागे पाच किलो पाणी धरले, तर १० टनांत पाणी अर्ध्या टनाहूनही कमी. मापात पाचवा हिस्सा जातो, वजनात विसावा. म्हणून वाळू काट्यावर घ्यावी. भरल्या आणि रिकाम्या ट्रकची, दोन्ही वजने पाहावीत. खडी ओलाव्याने अशी फुगत नाही. ती सपाट करून टेपने मोजली तरी चालते.

एक फर्मा करून ठेवा: आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३५ लिटर. ५० किलो सिमेंटच्या गोणीचे मापही तेवढेच. त्यात वाळू वा खडी भरून तोला. वजनाला ३५ ने भागले की घनमीटरला किती टन ते निघते. ५६ किलो भरले तर १.६. कोष्टकापेक्षा आपल्याच मालाचा हा आकडा खरा.

पायाखालच्या साध्या १:२:४ काँक्रीटला एका गोणीमागे दोन फर्मे वाळू, चार फर्मे खडी. पण वरच्यासारखी दमट वाळू असेल तर अडीच फर्मे घ्या. नाहीतर वाळू कमी पडते आणि काँक्रीट पोकळ राहते. सळईच्या कामाचे प्रमाण मात्र इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

नोकरीने आपण देशभर विखुरलेले. कुठे ब्रास, कुठे घनफूट, कुठे टन. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे व्यवहार मेट्रिक मापातच व्हायला हवा. बिलावर घनमीटर किंवा टन लिहून मागा. हुज्जत ट्रक ड्रायव्हरशी नको. तोही आपल्यासारखाच राबणारा. जाब विचारायचा तो पावती फाडणाऱ्याला. एकट्याला "असंच असतं" म्हणून वाटेला लावतात. चौघांनी मिळून माल घेतला आणि टेप, डबा समोर ठेवला, की तिसरा ट्रक पुरता भरून येतो. आमचा आला होता.