चुन्याची रेघ पडायच्या आधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज बचत आणि परतफेड थोडी बाजूला ठेवू. आज बोलायचंय घराबद्दल. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींना घरकुल मंजूर झालंय, काहींची नावं यादीत आहेत. पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंय. मिस्त्री येतो, घरातले पुरुष भोवती उभे राहतात, चुन्याने आखणी होते. बाई तेव्हा चुलीपाशी चहा करत असते. आणि पुढे आयुष्यभर त्या रेघेच्या आत राबायचं असतं तिनंच.

कागदावर मात्र बाई पुढे आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घरकुल शक्यतो बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागाही धरलेली आहे. घर आपल्या नावावर, मग नकाशावर आपलं बोट का नको?

आता जरा हिशोब करा. बाहेरून 20 फूट बाय साडेतेरा फूट घर धरू. झाले 270 चौरस फूट. भिंत 9 इंची. दोन्हीकडच्या भिंती मिळून लांबीतून दीड फूट गेला, रुंदीतून दीड फूट गेला. आत राहिलं साडेअठरा बाय बारा, म्हणजे 222 चौरस फूट. 48 चौरस फूट भिंतीनंच खाल्ले! तेवढ्यात 6 बाय 8 चं स्वयंपाकघर बसलं असतं. उरलेल्यात 6 बाय 4 चा पलंग 24 फूट घेतो. तीन फुटी दार आत उघडणार, तेवढी जागा मोकळी हवी. पाण्याचे ड्रम आहेत, कपाट आहे. आणि वेचलेला कापूस भाव येईपर्यंत कुठं ठेवतो आपण? घरातच ना! मग पोरीनं अभ्यासाला बसायचं कुठं?

हे सगळं आधी कागदावर मांडून बघणं, याला जागेचं नियोजन म्हणतात. शहरात इंटेरियर म्हटलं की लोकांना पडदे आणि रंग आठवतात. पण मुळात तो मापाचा हिशोब आहे, आणि मापाचा हिशोब आपल्याला नवा नाही.

आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावंच्या गावं नव्यानं वसवली. भूमिहीन कुटुंबाला 250 चौरस फुटांचं घर मिळालं, जवळजवळ आपल्या घरकुलाएवढंच. रस्ते रुंद आणि घरं सरळ रांगेत. पण जुन्या घरात आतल्या अंगणात बायका धान्य निवडायच्या, बोलत बसायच्या, तो आडोसा बऱ्याच ठिकाणी गेला. मग लोकांनी पदरचे पैसे घालून कुंपणं घातली, भिंती वाढवल्या.

जिथं जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, तिथं वेगळं घडलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं महिला मंडळांतल्या बायका संवाद सहाय्यक झाल्या. हजारावर गावांत हे काम चाललं. त्यांनी बांधकाम समजून घेतलं, शेजारणींना समजावलं, कामावर लक्ष ठेवलं. 2001 मध्ये गुजरातला भूकंप झाला, तेव्हा यातल्या काही जणी तिकडच्या बायकांना शिकवायला गेल्या. त्या तुमच्याआमच्यासारख्याच होत्या.

मग शिकायचं कसं? तीन पायऱ्या सांगते.

पहिली पायरी टेपची. आहे ते घर मोजा. पलंग, कपाट, कोठी, दार, खिडकी, सगळं. ओटा किती उंच हवा तेही मोजा. उभं राहून कोपर वाकवा. ओटा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असला की खांदे भरून येत नाहीत.

दुसरी पायरी चौकटीच्या वहीची. एक चौकट म्हणजे एक फूट. भिंती काढा. पलंग-कपाटाचे त्याच मापाचे कागद कापा आणि सरकवून बघा. चालायला तीन फूट वाट राहते का? चुलीच्या धुराला खिडकी आहे का? मोरीचं पाणी कुठं जातं?

तिसरी पायरी कॉम्प्युटरची. स्वीट होम थ्रीडी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वर भिंती काढायच्या, खाली तेच घर उभं दिसतं. माप फूट-इंचात करून घ्या. भिंतीची जाडी त्यात आपोआप बारीक धरलेली असते, ती आधी 9 इंच करा. नाहीतर पडद्यावरचं घर ऐसपैस दिसेल आणि खरं घर अडचणीचं होईल. कागदावर खोडून खोडून वही फाटते, इथं भिंत सरकवली की झालं.

मागच्या मैत्रिणींनो, हे आता तुमच्यासाठी. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात कॅडवर नकाशे काढायला शिकवतात. खासगी क्लासची फी गटाच्या कर्जातून भरणार असाल, तर आधी तीन गोष्टी विचारा. रोज प्रत्येकीला कॉम्प्युटर किती तास मिळेल? स्वतः माप घेऊन नकाशा करायला लावतात का? प्रमाणपत्र कोणाचं? उत्तरं मिळाल्याशिवाय पावती फाडू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. पाया किती खोल, सळई किती, स्लॅब कसा, हे इंजिनिअरचं काम. आपला नकाशा घेऊन पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांना भेटा आणि विचारा, "साहेब, दार इकडं घेतलं तर चालेल का?" विचारायला पैसे पडत नाहीत. उभी भिंत पाडायला मात्र पडतात.

तर पुढच्या सभेचं काम ठरवू. प्रत्येक ग्रामसंघानं घरकुल मंजूर झालेल्या एका ताईचं घर चौकटीच्या वहीत मांडून आणायचं. सासू, सून, लेक, तिघींनी मिळून. त्यातले नकाशे आपण इथंच लॅपटॉपवर चढवू, आणि ते काम मागं बसलेल्या पोरी करतील. मिस्त्री येईल त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. तुम्ही वही घेऊन आखणीपाशी उभ्या राहा.