डबा घेऊन निघावे, दिवेलागणीला परतावे
(सोलापूर येथे शालेय सहलींविषयी शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेची सहल म्हटली की महाबळेश्वर, वेरूळ किंवा रायगड ही नावे आपल्या ओठांवर येतात. दोन मुक्काम, खासगी बस आणि त्या मानाने वर्गणी. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबांची मुले ज्या शहरातील शाळांतून शिकतात, तेथे अशी सहल ठरली की काही मुलांचे नेमके त्याच दिवशी पोट दुखू लागते. ते कशाने दुखते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून सकाळी डबा घेऊन निघावे आणि दिवेलागणीला घरी पोहोचावे, एवढ्याच अंतरावरील स्थळांविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम हत्तरसंग-कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांचा येथे संगम होतो. पलीकडचा तीर कर्नाटकाचा. या संगमावरील संगमेश्वर मंदिराच्या सभामंडपातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. श्रवणबेळगोळचा लेख हा मराठीचा आद्य लेख, असे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. त्या समजुतीला या तुळईने धक्का दिला. रायगड जिल्ह्यातील आक्षीच्या लेखाचा शक काही संशोधक ९३४ असा वाचतात, तेव्हा पहिल्या क्रमांकाचा वाद अभ्यासकांवर सोपवावा. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. अक्षरओळखीचे माहात्म्य सांगणारे याहून जुने मराठी वाक्य आपण मुलांना दुसरीकडे कोठे दाखविणार? तेही कन्नड आणि मराठी एकाच आठवडी बाजारात बोलल्या जाणाऱ्या मुलखात! शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या आवारात मातीखाली गाडले गेलेले बहुमुखी शिवलिंग सापडले. त्यावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. मुलांना ती मोजू द्यावीत. चुकतील, पुन्हा मोजतील, आणि तेवढा वेळ दगडाकडे पाहत राहतील.

दुसरे स्थळ नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरील हा किल्ला आता धाराशिव जिल्ह्यात मोडतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ.स. १६१३ मध्ये, बोरी नदीवर येथे धरण बांधले गेले. हे धरण मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांना जोडते. त्याच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. जलाशय भरून वाहू लागला की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते, आणि महालात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढून जलधारांचा पडदा खाली जातो. राजाची हौस म्हणून हे सोडून देऊ नये. बेताचाच पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पाणी अडविणे ही गरज होती. त्या गरजेतूनच कारागिराने सौंदर्य निर्माण केले. जाता-येता ज्यांना सवड असेल त्यांनी तुळजापूर रस्त्यावरील हिप्परग्याचा एकरूख तलावही पाहावा. १८७१ च्या सुमारास पुरा झालेल्या या तलावात हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात.

धाराशिवच्या पुढे वीसेक किलोमीटरवर तेर आहे. प्राचीन तगर नगर ते हेच. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात येथील सुती कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. चादरी विणणाऱ्याच्या मुलाला हे सांगून पाहावे. आपल्या बापाचा धंदा दोन हजार वर्षांच्या वाटेवरचा आहे, हे कळल्यावर तो संग्रहालयातील वस्तूंकडे निराळ्या नजरेने पाहील. विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि संत गोरा कुंभारांचे स्थानही याच गावी आहे. भीमेकाठचे माचणूर मी येथे केवळ नावापुरते घेतो. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी त्याच परिसरात, ब्रह्मपुरीला होती.

आता नान्नज. बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवरील या माळावर १९७९ मध्ये माळढोक पक्ष्याचे अभयारण्य स्थापन झाले. मुलांना माळढोक दाखविण्याचे वचन मात्र देऊ नये. देशभरात मिळून हे पक्षी आता दोनशेही उरलेले नाहीत, आणि नान्नजला तो क्वचितच दृष्टीस पडतो. काळवीट दिसतील, चंडोल आणि धाविक दिसतील. नशीब बलवत्तर असेल तर लांडगाही. काही शाळांना माळावर झाडे लावण्याचा उत्साह असतो. हेतू चांगला आहे, पण जागा चुकीची. माळढोकाला मोकळे गवत हवे असते. दाट झाडीत तो राहत नाही. उजाड दिसणारी जमीन ओसाड नसते, हा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा या माळावर लवकर समजतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. नान्नजला सूर्योदयाच्या सुमारास, वनखात्याची परवानगी घेऊन, लहान गटाने जावे. कुडलच्या लेखावर अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, तेल वा पाणी लावू नये. तिरपा उजेड पडला की अक्षरे आपोआप उठून दिसतात. नळदुर्गला सांडवे वाहताना धरणाच्या माथ्यावर मुलांना कठड्यापासून दूर ठेवावे आणि दर दहा मुलांमागे एक शिक्षक असावा.