पायरीची कड

घराची लादी निवडावयाची झाली म्हणजे कुटुंबातील प्रत्येक माणसास मत असते. दिवाणखान्यास कोणता रंग शोभेल, स्वयंपाकघरात डाग कशावर उठून दिसणार नाहीत, याचा ऊहापोह आठवडेच्या आठवडे चालतो. जिन्याची पाळी सर्वांच्या शेवटी येते. आणि जिन्यातही पायरीच्या पुढच्या कडेचा विचार गवंड्याच्या मर्जीवर सोपविला जातो. वस्तुतः साऱ्या घरात माणसाचा भार सर्वांत अरुंद जागेवर जर कोठे पडत असेल, तर तो या दोन बोटे रुंदीच्या कडेवर. लादी प्रथम फुटते ती येथे, आणि पाऊल निसटते तेही येथेच. म्हणून पायरीवर काय घालावयाचे हे ठरविण्यापूर्वी तिची कड कशी बांधता येईल हे ठरविले पाहिजे. बहुतेक घरी हा क्रम नेमका उलटा असतो.

वसई-विरारकडील कुटुंबांना तर हा विषय विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर ही गावे एकत्र होऊन २००९ साली येथे महानगरपालिका झाली. परंतु त्यापूर्वीच्या दोन-तीन दशकांत रेल्वेच्या दोहों बाजूंस ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळशा तीन-चार मजली असून त्यांना उद्वाहक नाही. चौथ्या मजल्यावरील कुटुंबास दूध, भाजी, औषध, गॅसची टाकी, सारे जिन्याने आणावे लागते. पहाटेची लोकल गाठावयाची असते तेव्हा अर्धा डोळा घड्याळाकडे ठेवून हाच जिना उतरावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत वर येणारी प्रत्येक छत्री आपले पाणी पायऱ्यांवर गाळीत येते. ज्या वेळी या इमारती बांधल्या गेल्या त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली माणसे आज सत्तरीकडे झुकली आहेत. जिना मात्र तेवढाच उंच राहिला आहे.

चढताना पडणे आणि उतरताना पडणे यांत मोठे अंतर आहे. चढणारा अडखळला तर पुढे झुकतो. समोरच्याच पायरीवर हात टेकून तो बहुधा सावरतो. उतरणाऱ्याच्या पुढे मात्र मोकळी जागा असते. उतरताना पावलाचा चवडा पायरीच्या कडेपाशी टेकतो, बोटे कडेच्या थोडी पुढे येतात, आणि क्षणभर शरीराचा सारा भार त्या एका पावलावर असतो. राहत्या घराच्या पायरीची रुंदी, पुढे आलेली कड न धरता, निदान २५० मिलिमीटर म्हणजे सुमारे दहा इंच असावी आणि उंची १९० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत सांगितले आहे. प्रौढ पुरुषाचे पाऊल चपलेसह दहा इंचांहून सहज मोठे भरते. तेव्हा दहा इंचांच्या पायरीवर पाऊल पूर्ण मावत नाही, आणि ते पेलावयाचे काम शेवटी कडेलाच करावे लागते.

जेथे पायरी अखंड दगडाची आहे, तेथे कडेचा प्रश्नच उद्भवत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या वेळचे दगडी जिने आजही पाहावयास मिळतात. सेंट जोसेफच्या देवळाच्या मनोऱ्यातील गोल जिना तर पुष्कळांनी पाहिला असेल. अशा जिन्यात जी वस्तू आत तीच बाहेर. शतके लोटली म्हणजे कड झिजते, गुळगुळीत होते. पण सुटून येत नाही, कारण सुटावयास तेथे निराळे असे काही नसतेच. जुन्या सागवानी घरांतील जिन्याचेही तसेच. सुतार फळीची पुढची धार रंध्याने गोल करी आणि जेथे वर्दळ अधिक तेथे पितळेची पट्टी ठोकी. शेणामातीच्या पायरीलादेखील पुढच्या बाजूस घडीव दगड किंवा लाकडाची बाट असे, कारण माती कडेशी टिकत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते. पायरी एका वस्तूची आणि तिचे पांघरूण दुसऱ्या वस्तूचे झाले, तेव्हापासून कड उघडी पडली.

आजच्या इमारतींत बहुधा काँक्रीटच्या पायरीवर कोटा, कडप्पा किंवा ग्रॅनाइट यांची फरशी बसवितात. या तिन्हींत जिन्याला कोटा अधिक मानवतो. राजस्थानातून येणारा हा दगड दिसावयास साधा असला तरी तो टिकाऊ आहे, आणि त्यास फार चकाकी दिली नाही तर ओल्या पायाखालीही तो बरी पकड देतो. ग्रॅनाइटची आरशासारखी घोटलेली पायरी पावसाळ्यात केवळ सापळा होय. दगडाची कड कारखान्यात किंवा जागेवर यंत्राने अर्धगोल करून घेतात आणि तिच्यामागे इंचभर अंतरावर दोन-तीन समांतर खाचा पाडतात. कडेची गोलाई अर्ध्या इंचाहून अधिक नसावी. फार गोल केलेल्या कडेवर पावलास टेकावयाची जागाच कमी पडते. उभ्या बाजूच्या पुढे फरशी एक इंच आली तर पुरे. त्याहून पुढे आली तर चढताना चपलेचे टोक खालून अडकते, आणि गुडघे दुखत असल्याने पाय ओढीत चढणाऱ्या वृद्धांना तर ते हमखास अडकते.

फरशी फुटते ती बहुधा दगड वाईट म्हणून नव्हे, तर खालचा माल कडेपर्यंत पोहोचलेला नसतो म्हणून. गवंडी मधोमध सिमेंटचा ढीग टाकून फरशी दाबून बसवितो. मध्यभाग भरतो आणि कड पोकळ राहते. वरून काहीच दिसत नाही. पुढे कोणी गॅसची टाकी त्या कडेवर आपटली म्हणजे दगडाचा टवका उडतो. यावर तोडगा अगदी सोपा आहे. काम वाळल्यावर प्रत्येक पायरीची कड लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावी. ठणठणीत आवाज आला तर माल भरलेला आहे. बद्द आवाज आला तर ती फरशी तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्यावी.

चिनी मातीच्या अथवा विट्रिफाइड लाद्यांची गोष्ट निराळी. ग्लेज दिलेल्या लादीवर झिलई असते ती पृष्ठभागापुरतीच. कापलेल्या बाजूस आतली कच्ची भाजणी दिसू लागते आणि तिची धार काचेसारखी तीक्ष्ण असते. ही धार झाकण्यासाठी कारागीर आडवी आणि उभी लादी पंचेचाळीस अंशांत तासून एकमेकींस भिडवितात. नवीन असता तो सांधा फार सुबक दिसतो, आणि ग्राहक त्यावर भाळतो. तथापि तासल्यामुळे दोन्ही लाद्या कडेशी पातळ होतात, आणि पायरीवर नेमका भार तेथेच येतो. काही काळातच त्या कडेला दाते पडू लागतात. भिंतीच्या कोपऱ्यास ही रीत ठीक आहे. जिन्यास ती वापरू नये असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याऐवजी पुढची बाजू मुळातच गोल घडविलेल्या, वर खाचा असलेल्या पायरीच्या खास लाद्या मिळतात, त्या घ्याव्यात. त्या रंगात जुळत नसतील तर लादी बसवितानाच तिच्याखाली धातूची पट्टी दाबून घ्यावी. या पट्टीचा एक पंख लादीखालच्या मालात रुततो आणि गोल तोंड कडेबाहेर राहते. लादी बसल्यानंतर वरून चिकटविलेली पट्टी म्हणजे फाटक्या कोटास लावलेले ठिगळ. ते उपयोगी पडते, नाही असे नाही, परंतु तिचे स्क्रू घट्ट आहेत की नाहीत हे वरचेवर पाहावे लागते. पट्टी लादीच्या पातळीत असावी. दोन मिलिमीटर वर राहिली तरी पाऊल ठेचकाळते.

पट्टी कोणत्या धातूची, हा वसईकडे नाजूक प्रश्न आहे. अर्नाळा, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात समुद्राची हवा घरात येते, आणि तिच्याबरोबर खारटपणाही येतो. साध्या लोखंडाची पट्टी येथे पावसाळा-दोन पावसाळ्यांत गंजून फुगते आणि फुगताना शेजारची लादीही उचलते. अॅल्युमिनियमची पट्टी स्वस्त व बरी. पण तीत पितळेचे स्क्रू घातले तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा संयोग होऊन अॅल्युमिनियमच झिजत जाते. स्क्रू स्टेनलेस पोलादाचेच घ्यावेत, आणि पट्टीही त्याच पोलादाची परवडली तर उत्तमच. पितळ शोभिवंत खरे, परंतु त्याला दर आठवड्यास उजळावे लागते, आणि उजळण्याचा तेलकट लेप कडेवर राहिला तर तोच घसरवितो. दिवाळीत पायऱ्यांच्या कडेला पणत्या मांडण्याची हौस असते, तेव्हाही सांडलेले तेल दुसऱ्या दिवशी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढणे बरे.

मोझेकच्या पायऱ्या आता कमी होत असल्या तरी जुन्या घरांतून त्या अजून आहेत. त्यांत एक चांगली युक्ती होती. कडेच्या मालात कार्बोरंडमची भुकटी मिसळीत किंवा तिची पट्टी बसवीत. कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत असताना १८९१ साली अॅचेसन या अमेरिकन संशोधकास हा अतिशय कठीण पदार्थ हाती लागला. सिमेंट झिजते, कार्बोरंडमचे कण मात्र वर राहतात. म्हणून जुनी झाल्यावरही अशी कड खरखरीतच राहते. जुना मोझेकचा जिना उखडून त्यावर चकचकीत लादी घालू पाहणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे. नुसती घोटाई आणि तुटलेल्या कडांची डागडुजी एवढ्यावर पुष्कळदा काम भागते.

बंगल्यांतून आणि दुमजली घरांतून आतल्या जिन्यावर गालिचा, काथ्याची चटई किंवा पीव्हीसीचे कापड घालतात. गालिच्याचा धागा प्रथम विरतो तो कडेवर. म्हणून तो कापताना पायरीच्या एका रुंदीएवढा जादा ठेवावा आणि ती घडी वरच्या टोकाशी उभ्या बाजूमागे दडवून ठेवावी. वर्ष-दोन वर्षांनी गालिचा तीन-चार इंच खाली सरकविला की झिजलेला भाग उभ्या बाजूवर जातो आणि कडेवर नवा भाग येतो. पायरीच्या आतल्या कोनात बसविलेल्या पितळी दांड्या याच कामी येतात. त्या सैल करून गालिचा सरकविता येतो. पीव्हीसीचे कापड मात्र धारदार कडेवरून दुमडू नये. दुमड पडते तेथेच ते तडकते. त्याखालची कड आधी गोल करावी, कापड कडेपाशीच थांबवावे आणि त्याचे टोक खाचांच्या पट्टीखाली दाबावे. ओल्या सिमेंटवर गोंद धरीत नाही, तेव्हा हे काम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर काढावे. सार्वजनिक जिन्यावर मात्र गालिचा आणि पीव्हीसी दोन्ही वर्ज्य समजावीत. आग लागली तर तोच सर्वांचा बाहेर पडावयाचा मार्ग असतो.

आणखी एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. समजा, जुन्या पायऱ्यांवर माल आणि लादी मिळून दीड इंच जाडी चढविली, पण खालचे अंगण आणि वरचा मजला जसेच्या तसे राहिले. मधल्या पायऱ्यांच्या उंचीत काही फरक पडत नाही. पहिली पायरी मात्र दीड इंच उंच होते आणि शेवटची दीड इंच ठेंगणी. जिना चढताना पाय डोळ्यांवर नव्हे तर सवयीवर चालतो; दोन-तीन पायऱ्यांत त्याला उंची पाठ होते, आणि मग एकच पायरी वेगळी निघाली की तेथे तो फसतो. म्हणून नवे पांघरूण जाड असेल तर आधी जुने उखडावे. पैसे अधिक लागतात, आणि सोसायटीच्या सभेत यावरच वाद माजतो. तळमजल्यावरील मंडळी म्हणतात, आम्हांस जिन्याशी काय कर्तव्य? हा युक्तिवाद वरकरणी रास्त वाटला तरी गच्चीवरची पाण्याची टाकी तळमजल्यालाही पाणी देते, आणि ती साफ करावयास माणूस याच जिन्याने जातो.

वृद्धांची नजर मंद झाली म्हणजे एकाच रंगाच्या पायऱ्या वरून पाहताना सलग उताराप्रमाणे दिसतात. एक कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे कळत नाही. विटकरी रंगाच्या फरशीवर पिवळी, काळ्यावर पांढरी, अशी दोन बोटे रुंदीची रेघ प्रत्येक कडेवर असावी; रेल्वेच्या पुलांवरील पायऱ्यांना पिवळा रंग देतात तो याच कारणाने. रेघ एकाच पायरीस देऊन चालत नाही, सर्वांस द्यावी लागते. गुळगुळीत तेलरंग मात्र वापरू नये. तो ओला झाला की मूळ दगडापेक्षाही अधिक निसरडा होतो. रंगात बारीक वाळू मिसळलेली असावी, किंवा खाचेत बसणारी रबराची रंगीत पट्टी घ्यावी.

काम पूर्ण झाले असे कारागीर सांगेल तेव्हा त्याचा अखेरचा हप्ता चुकता करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. दिवेलागणीच्या सुमारास जिन्यावर बादलीभर पाणी ओतावे, दिवा लावू नये, आणि घरातील एका धडधाकट माणसाने कठड्यास हात धरून, रोज वापरावयाच्या चपला घालून, वरून खाली सावकाश उतरावे. ज्या पायरीवर पाऊल जराही सरकेल किंवा जिची कड दिसणार नाही, तिच्यावर खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिरास प्रथम त्याच पायऱ्या दाखवाव्यात.