एका पैशाचा कारखाना
राष्ट्र भांडवलाने उभे राहते की शिक्षणाने, याचे उत्तर मावळातील तळेगाव दाभाड्याने शतकापूर्वीच दिले. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवला, लोकमान्य टिळकांनी बळ दिले आणि १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे काचेबरोबर कारागीरही घडले. याच गावी विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षण देत होते. कारखाना टिकला, विद्यालय मात्र १९१० साली इंग्रज सरकारने बंद पाडले. परसत्तेला धास्ती शिक्षणाचीच अधिक होती.

आज मावळात कारखाने उदंड आहेत. परंतु भूमिपुत्राच्या हाती केवळ पहारेकऱ्याची काठी येणार असेल, तर उद्योग गावात असूनही गावाचा नव्हे. कारखान्याशेजारी हाताला कौशल्य देणारी शाळा हवीच.