परक्याचे मूल आणि आपला हात



इंदूरच्या रामबागेत किंवा नारायणबागेत जुन्या पिढीच्या मंडळींशी बोलत बसले की एक तक्रार हटकून कानांवर येते. ‘आमच्या वेळी वाड्यातल्या कोणीही वडीलधाऱ्याने कोणाच्याही पोराचा कान पिरगाळावा, आणि पोराच्या बापाने वर त्याचे आभार मानावेत, अशी रीत होती. आता दुसऱ्याच्या मुलाला नुसते रागावले तरी त्याची आई भांडायला येते.’ ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यातून एक निष्कर्ष काढला जातो. दुसऱ्याच्या व्रात्य मुलाला दोन चपराका देण्याचा अधिकार मोठ्या माणसाला असावा, असा तो निष्कर्ष आहे, आणि तो तपासून पाहिला पाहिजे.

वाड्यातील त्या अधिकाराचे मूळ कशात होते? ज्या काकूंनी मुलाचा कान धरला, त्यांनीच सकाळी त्याच्या हातावर लाडू ठेवलेला असे. त्याला ताप आला तर त्या उशाशी बसलेल्या असत. त्यांच्यात आणि मुलाच्या आईत एक न बोललेला करार होता, आणि मुलालाही तो ठाऊक होता. हात उगारणारी व्यक्ती आपलीच आहे हे त्याला समजत होते. अर्थात त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. वाड्याच्या मालकाच्या मुलापेक्षा भाडेकऱ्याचे मूल अधिक मार खाई, आणि पुष्कळदा खोडी एकाची असून पाठ दुसऱ्याची शेकली जाई. तरीही त्या मारामागे नाते होते, एवढे मान्य करू. आज बहुमजली इमारतीच्या जिन्यात ज्या मुलाचे नावही आपल्याला माहीत नसते, त्याच्यावर हात टाकताना आपल्यापाशी रागाखेरीज दुसरे काय असते?

मुलाला पाच वर्षे लाडवावे, पुढे दहा वर्षे ताडन करावे आणि सोळाव्या वर्षी मित्र मानावे, या अर्थाचे संस्कृत सुभाषित या प्रसंगी हमखास पुढे केले जाते. त्यातील ताडनाचा उपदेश आज कोणी स्वीकारावा की नाही, हा प्रश्न वेगळा. पण ते सुभाषितही बोलते ते पुत्राविषयी. शेजाऱ्याच्या मुलाविषयी त्यात अवाक्षर नाही. कायद्याची वाटही अशीच आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले. मात्र ते कृत्य पालकाने, मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याने, किंवा त्यांच्या संमतीने केलेले असले पाहिजे, अशी अट घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमात हीच तरतूद आहे. संमती उघड असो वा गर्भित, ती असावी लागते. वाड्यातल्या काकूंना ती गर्भित संमती होती, असे कोणी म्हणू शकेल. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला ती कोठून मिळणार? शिवाय १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. आईबाप ज्याच्या हाती आपण होऊन मूल सोपवतात, त्या शिक्षकालाच जो अधिकार उरलेला नाही, तो वाटसरूने स्वतःकडे घ्यावा, हे कोणत्या न्यायाने?

या बाबतीत महात्मा गांधींचा अनुभव मननीय आहे. १९१८ आणि १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते आपल्या इंदुरात आले होते. पण ही हकीकत त्यापूर्वीची, दक्षिण आफ्रिकेतील आहे. १९१० साली स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर इतरांची मुले त्यांच्यापाशी शिकत. त्यांतील एक मुलगा खोटे बोले, भांडणे काढी, कोणाचे ऐकत नसे. एके दिवशी गांधीजींनी त्याच्या हातावर रूळ मारला. मारताना ते स्वतः थरथरत होते. सतरा वर्षांचा तो धट्टाकट्टा मुलगा रडला आणि त्याने क्षमा मागितली. पुढे त्याने आज्ञा मोडल्याचे गांधीजींना आठवत नाही. म्हणजे लौकिक अर्थाने शिक्षा यशस्वी झाली! तरीही आत्मकथेत त्यांनी त्या कृत्याचा पश्चात्तापच नोंदविला आहे. त्यात केवळ आपले दुःख नव्हते, रागही होता आणि शिक्षा करण्याची इच्छाही होती, हे त्यांनी स्वतःपासून लपविले नाही. मुलांना पित्याच्या मायेने सांभाळणाऱ्या पुरुषाला जर आपल्या हेतूची खात्री देता आली नाही, तर आपण ती किती सहज देतो!

आपला हेतू शुद्ध आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. समजा, रात्री सराफ्याच्या गर्दीत दोन मुलांनी हलवायाच्या ताटातली जिलबी उचलली. एक मुलगा मोटारीतून आई-वडिलांबरोबर आला आहे. दुसरा रिकाम्या बाटल्या वेचत हिंडणारा आहे. पहिल्याच्या वडिलांना हसून सांगितले जाईल आणि पैसे घेतले जातील. दुसऱ्याच्या गालावर पाचही बोटे उमटतील, आणि भोवतालचे लोक म्हणतील, बरी अद्दल घडली. अपराध एकच. फरक इतकाच, की एकाच्या मागे जाब विचारणारा बाप उभा आहे आणि दुसऱ्याच्या मागे कोणीही नाही. परक्याच्या मुलावर उगारलेला हात बहुधा खाली कोठे येतो, ते यावरून दिसेल. तो दुबळ्याच्या मुलावरच येतो.

मग काय, डोळे मिटून पुढे चालू लागावे? मुळीच नाही. अटकाव आणि शिक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे वाहनांच्या गर्दीत धावणाऱ्या पोराचा दंड धरून त्याला मागे ओढावे; तेथे परवानगी विचारीत बसू नये. रंगपंचमीच्या दिवशी एखाद्या वृद्धाच्या अंगावर चिखल फेकणाऱ्याचा, मुक्या जनावरावर दगड उचलणाऱ्याचा हात अवश्य धरावा आणि ठाम आवाजात ‘हे चालणार नाही’ असे सांगावे. धोका टळला की आपले काम संपले. त्यानंतर मारलेली चपराक कोणाचेच रक्षण करीत नाही; ती केवळ आपला राग शांत करते. पुढची गोष्ट आईबापांच्या कानी घालावी, तीही चारचौघांत नव्हे, घरी जाऊन. आणि आईबापांनीही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला शत्रू समजू नये. जिथे शब्द ऐकून घेतला जात नाही, तिथेच लोकांना हाताची आठवण होते.

वृद्ध मंडळींना हरवल्यासारखे वाटते ते वाड्यातले स्थान. ते स्थान मारामुळे मिळालेले नव्हते, ओळखीमुळे मिळाले होते. आपल्या जिन्यात खेळणाऱ्या मुलांची नावे आपण जाणून घेतली, अधूनमधून त्यांची विचारपूस केली, तर ‘अरे, असं करू नकोस’ एवढे म्हणण्याचा अधिकार आजही मिळतो. मुले तो देतात, आणि त्यांच्या आयाही भांडायला येत नाहीत.