अंगणात आलेली शाळा



तोंडवलीत लावणी लागली की आई शेतात आणि तान्हं पोर थोरल्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे पोराची आबाळ, बहिणीची शाळा बुडाली. आम्ही गिरणीवाले, १९४८ च्या कारखाना कायद्याने बायांच्या पोरांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं, हे आम्हाला ठाऊक. शेतावरच्या बाईला कुठला कायदा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शाळाच अंगणात नेली. पाळणाघर, बालवाडी, शाळा एका जागी. मग थोरली बहीणही वर्गात बसली. सरकारची योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. आहार, लस, तपासणी, शिक्षण सगळं एकत्र, कागदावर हो! सेविका, आशा, नर्सबाई यांच्या तीन वह्या, आणि वजन घटलेलं पोर तिन्हींच्या मधून निसटतं.

म्हणून आमचं म्हणणं, महिन्यातून एक दिवस तिघींना विहारात एकत्र बोलवावं. सहा वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं नाव महिला मंडळाने एकाच वहीत लिहावं. लावणीत दोन आज्यांनी विहाराच्या ओसरीवर पोरं सांभाळावीत. त्यांची मजुरी वर्गणीतून द्यावी, फुकट राबवू नये.